गव्हाचं पान आठ दिवस जास्त हिरवं राहतं, मग दाणा जड का होत नाही?

गहू_निफाड

मंडळी, उशिरा पेरलेल्या गव्हाबद्दल विचारायचं आहे. निफाड तालुका, भारी काळी जमीन, पेरणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली, खत हेक्टरी ९०:६०:४० किलो नत्र-स्फुरद-पालाश, पाणी पाटाचं. निवडीतल्या दोन ओळी शेजारी-शेजारी आहेत. ओंब्या दोन्हींच्या बरोबरच निसवतात, फुलोऱ्यात एका दिवसाचाही फरक नाही. पुढे मात्र 'अ' ओळीचं ध्वजपान (ओंबीखालचं सगळ्यात वरचं पान) शेंड्याकडून पिवळं होत येतं आणि 'ब' ओळीचं त्यानंतर आठ-नऊ दिवस हिरवंगार उभं असतं. बांधावरून बघणारा प्रत्येक जण 'ब'वरच बोट ठेवतो. काट्यावर मात्र दोन्हींच्या हजार दाण्यांचं वजन सारखंच, आणि प्रथिनं 'ब'मध्ये कमी.

हिरवं पान म्हणजे जास्त अन्न आणि जास्त अन्न म्हणजे जड दाणा, हा हिशोब नेमका कुठे चुकतो? यामागे कोणतं जनुक असावं, आणि ते मार्करने, म्हणजे डीएनएतल्या खुणेने, तपासता येतं का? शिवाय 'किती दिवस हिरवं' हे नजरेच्या अंदाजावर न सोडता मोजायचं कसं?

हरितलवक

पान पिकणं म्हणजे घर सोडण्याआधीची आवराआवर आहे. पानातल्या नत्राचा साधारण तीन-चतुर्थांश भाग हरितलवकांत असतो, त्यातही मोठा वाटा हवेतला कार्बन पकडणाऱ्या एकट्या रुबिस्को या विकराचा. पान पिकायला लागलं की ही प्रथिनं मोडली जातात आणि नत्र अमिनो आम्लांच्या रूपात, मुख्यतः ग्लुटामाइनसारख्या, रसवाहिन्यांतून ओंबीकडे जातं. पानातलं लोह आणि जस्तही याच सुमाराला दाण्याकडे निघतं. गव्हाच्या दाण्यातलं बहुतेक नत्र असं फुलोऱ्याआधी पानाखोडांत साठवलेलं असतं. म्हणून पान उशिरा पिकलं आणि प्रथिनं घटली, यात विरोधाभास काहीच नाही. 'ब'ने आपला माल अजून पानातच ठेवलाय.

गव्हात या आवराआवरीचा हुकूम सोडणारं, सगळ्यात नीट अभ्यासलेलं जनुक म्हणजे एनएएम-बी१. जुनं नाव जीपीसी-बी१. ते ६बी गुणसूत्राच्या आखूड बाहूवर आहे आणि एनएसी कुळातलं नियंत्रक प्रथिन बनवतं. हे प्रथिन स्वतः काही मोडत नाही, मोडणाऱ्या जनुकांना चालू करतं. ते सापडलं जंगली एमर गव्हात आणि २००६ मध्ये वेगळं काढलं गेलं. त्याच कामात आरएनए हस्तक्षेपाने (जनुकाचा निरोप मधेच अडवून) गव्हातल्या या जनुकाच्या सगळ्या प्रतींचा आवाज एकदम बसवला, तेव्हा पान पिकायला तीन आठवड्यांहून जास्त उशीर झाला आणि दाण्यातली प्रथिनं, लोह, जस्त तिन्ही ३० टक्क्यांहून जास्त घटली. दाण्याचा आकार मात्र वाढला नाही. तुमच्या 'ब' ओळीचंच चित्र, फक्त ठळक शाईत.

दाणा का वाढला नाही, याचं उत्तर २०१५ च्या कामात मिळालं. तशाच झाडांत प्रकाशसंश्लेषण खरोखर जास्त दिवस चाललं होतं, अन्न बनत होतं. पण दाण्यातली पिष्टमय पदार्थ बनवणारी विकरं आपल्या वेळेला मंदावली. जास्तीची साखर गेली कुठे? खोडात, फ्रुक्टान या साठवणीच्या साखरेच्या रूपात पडून राहिली. कारखाना चालू, गोदामाचं दार बंद.

आता आपलं हवामान यात घाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेला गहू फेब्रुवारीच्या पूर्वार्धात फुलतो आणि दाणा भरण्याचा उत्तरार्ध मार्चमध्ये येतो, म्हणजे दुपारचा पारा ३२ ते ३५ अंशांवर. पिष्ट बनवणारं विद्राव्य स्टार्च सिंथेज हे विकर उष्णतेला फार नाजूक. २५ अंशांच्या पुढे ते रेंगाळायला लागतं, ३० च्या वर दाण्याचं भरणं लवकर आटोपतं. तेव्हा गोदामाचं दार इथे जनुकाआधी उन्हानेच लागतं. थंड प्रदेशातल्या लांब हंगामात जास्तीचे आठ हिरवे दिवस कामाला येतीलही. निफाडला मार्चमध्ये ते आठ दिवस मिळून फारसा उपयोग नाही.

जनुकाबद्दल एक सावधगिरी. आजच्या शरबती (चपातीच्या) आणि बन्सी (रवा-शेवयांच्या) वाणांत एनएएम-बी१ बहुधा मोडलेलंच असतं, एक तर मधे एका बेसची, म्हणजे डीएनएच्या एका अक्षराची, भर पडून वाचन बिघडलेलं, नाहीतर जनुकच गळालेलं. त्यामुळे 'अ' आणि 'ब' दोन्हींत मार्कर सारखाच दिसण्याची शक्यता मोठी. फरक मग एनएएम-ए१ (६ए गुणसूत्र), एनएएम-डी१ (६डी) किंवा भलतीकडेच असू शकतो. शरबती गहू षटगुणित, प्रत्येक जनुकाच्या तीन प्रती. एक प्रत मोडली तर उरलेल्या सांभाळून घेतात आणि परिणाम काही दिवसांचाच दिसतो. तुमचे आठ-नऊ दिवस त्यात बसतात, पण तेवढ्यावरून जनुकाचं नाव घेऊ नका.

बी१ तपासायचंच असेल तर एक्सयूएचडब्ल्यू८९ हा मार्कर जनुकाला अगदी चिकटून आहे. दोन्ही रूपांतला फरक मोजक्या बेसचा, म्हणून साध्या १ टक्का अ‍ॅगरोजवर दोन्ही पट्टे एकच वाटतात. अ‍ॅक्रिलामाइड जेल किंवा केशिका यंत्र लागेल. आणि ज्याच्यात चालू प्रत आहे याची खात्री आहे असा एक नमुना प्रत्येक जेलवर हवाच, नाहीतर 'पट्टा आला' म्हणजे काय आलं ते कळणार नाही.

मापाडी

जनुकाकडे वळण्याआधी मोजणी पक्की करा. निम्मी 'स्टे-ग्रीन' (जास्त दिवस हिरवी राहणारी) वाणं मोजणीच्या चुकीतून जन्मतात.

फुलोऱ्याची तारीख प्रत्येक ताटाची धरायची, प्लॉटची नाही. मुख्य ताटाच्या ओंबीच्या मध्यावर पिवळे परागकोश लोंबायला लागले की खाली लोकरीचा धागा बांधा, रोज वेगळा रंग. दर प्लॉटला किमान १० ताटं. पुढचं सगळं या धाग्यापासूनच्या दिवसांत मोजायचं, पेरणीपासूनच्या नाही. दोन दिवस उशिरा फुललेली ओळ कॅलेंडरवर दोन दिवस हिरवी दिसणारच. फुटव्याची ओंबी आणि मुख्य ताटाची ओंबी एकत्र केली तर कष्ट पाण्यात.

स्पॅड मीटर (पानाला चिमटून हरितद्रव्य मोजणारं यंत्र) ध्वजपानावर लावा, मधली शीर टाळून. जागा ठरवून घ्या: देठाकडून एक-तृतीयांश, मध्य, आणि शेंड्याकडून एक-तृतीयांश. तिन्हींची सरासरी घ्या, पण आकडे वेगवेगळे टिपून ठेवा. गहू शेंड्याकडून पिकत येतो, त्यामुळे आज शेंड्याला आणि उद्या बुडाला लावलेला मीटर पान पुन्हा हिरवं झाल्याचं सांगेल. दर चार दिवसांनी, त्याच त्याच पानांवर, दव उडाल्यानंतर. पान ओलं असलं की आकडा बिघडतो. मीटरवर भर उन्हात स्वतःची सावली पाडा.

आकडे मांडले की दोन गोष्टी वेगळ्या दिसतात: उतार कधी सुरू झाला, आणि तो किती तीव्र आहे. या दोघांची गल्लत करू नका, आनुवंशिकतेत त्या वेगळ्या आहेत. स्टे-ग्रीनचे पाच प्रकार सांगतात ते इथूनच (ही अक्षरं प्रकारांची, तुमच्या 'अ' आणि 'ब' ओळींची नव्हेत). अ प्रकारात पिकणं उशिरा सुरू होतं. ब प्रकारात वेळेवर सुरू होऊन हळू चालतं. क प्रकारात हरितद्रव्य मोडतच नाही, पण आतलं प्रकाशसंश्लेषण वेळेवर संपलेलं असतं. ड म्हणजे पान हिरव्यातच वाळून किंवा गोठून मेलं. इ म्हणजे सुरुवातीलाच हरितद्रव्य जास्त, त्यामुळे पिवळं दिसायला वेळ लागतो.

यातला क प्रकार स्पॅडला हमखास फसवतो, कारण स्पॅड फक्त हरितद्रव्य मोजतो, त्या पानाचं काम मोजत नाही. मेंडेलच्या वाटाण्यातला हिरव्या डाळीचा गुण याच जातीचा. तिथलं जनुक एसजीआर, म्हणजे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून टाकणारं विकर. ते बंद पडलं की डाळ हिरवी राहते, बाकी म्हातारपण ठरल्या वेळी येतं. भातातही हेच जनुक आहे. इगतपुरी-त्र्यंबककडच्यांसाठी सांगतो: भाताच्या दोन उपजातींपैकी इंडिकात त्याचा आवाज जॅपोनिकापेक्षा मोठा असतो, म्हणून इंडिका लवकर पिकतो. जॅपोनिकाचं रूप इंडिकात आणल्यावर उत्पादन वाढल्याचं २०२० मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे जनुक पूर्ण बंद केलं तर नुसता रंग, आवाज थोडा कमी केला तर फायदा.

ड प्रकार आपल्याकडे मार्चच्या कोरड्या वाऱ्यात दिसतो. पान करडं-हिरवं, कुरकुरीत, चुरगाळलं तर भुगा होतो. त्यातलं नत्र कायमचं अडकलं. असा प्लॉट 'हिरवा' म्हणून नोंदवू नका.

दाण्याचं मोजमाप वेगळं. फुलोऱ्यानंतर दहाव्या दिवसापासून दर पाच दिवसांनी धागा बांधलेल्या पाच ओंब्या (मोजणीच्या ताटांच्या नव्हे, त्यासाठी जादा ताटांना धागे बांधून ठेवा). मधल्या कणिशकांतले बाहेरचे दोन-दोन दाणेच घ्यायचे, कारण टोकाचे आणि आतले दाणे मुळातच बारीक. ७० अंशांवर ४८ तास वाळवा, वजन करा. वजन वाढायचं थांबलं तो दिवस टिपा. ओंबीखालचा दांडा पिवळा पडणं साधारण त्याच सुमाराला होतं, ही रानातली खूण. त्यानंतर पान कितीही हिरवं असलं तरी ते शोभेचं.

शेवटी एक तपासणी जी बहुतेक जण गाळतात: काढणीच्या वेळी भुशातलं नत्र. दाणा आणि भुसा दोन्हींचं नत्र केल्डालने (नत्र मोजायची प्रयोगशाळेतली पद्धत) काढा. दाण्यातलं नत्र भागिले दाणा अधिक भुसा मिळून एकूण नत्र. 'ब'मध्ये हा भागाकार 'अ'पेक्षा कमी आला तर माल पानातच राहिला हे सिद्ध. दोन्हींत सारखा आला आणि प्रथिनं तरीही कमी असतील, तर 'ब'ने मुळात नत्रच कमी उचललंय, म्हणजे प्रश्न मुळांकडे आहे. दाण्यातल्या नत्राला ५.७ ने गुणलं की गव्हाची प्रथिनं मिळतात. ६.२५ लावलं तर आकडा फुगतो.

गहू_निफाड

फार उपयोगी. भुशाचं नत्र खरंच काढलेलं नव्हतं. दोन पुरवण्या. काही ओळींत ओंबी निसवल्यावर ध्वजपानाचा फक्त शेंडा, दोन-तीन सेंटिमीटर, पिवळा होऊन वाळतो आणि तिथेच थांबतो. हे लवकर पिकणं समजायचं की पालाशाची कमतरता? आणि जंगली एमरचा विषय निघाला म्हणून: आपली खपली एमरच ना? तिच्यात हे जनुक चालू असेल का?

तांबेरा_निरीक्षक

शेंड्याचं मी सांगते. पोटॅश टाकायला धावू नका. पालाशाची कमतरता आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते, शेंडा आणि कडा करपतात, नवं पान शेवटी. क्षार असतील तर सगळ्याच पानांचे शेंडे जळतात आणि रानात ठिगळं दिसतात. तुम्ही सांगताय तसं फक्त ध्वजपान, ओंबीनंतर, ओळीतल्या प्रत्येक झाडावर एकसारखं, आणि शेजारची ओळ स्वच्छ, तर ते जनुक आहे. त्याला पर्णाग्र-शुष्कता म्हणा. एलआर३४ या तांबेरारोधक जनुकाची ती ओळखखूण, ७डी गुणसूत्राच्या आखूड बाहूवरची. हे जनुक २००९ मध्ये वेगळं काढलं. ते पेशीच्या पडद्यावरचं वाहक प्रथिन बनवतं. प्रौढ झाडात नारिंगी आणि पिवळ्या तांबेऱ्याला आणि भुरीलाही काही प्रमाणात अडवतं. त्याची किंमत म्हणजे पानाच्या टोकाशी थोडं अकाली म्हातारपण. थंडी जास्त पडली की खूण जास्त ठळक होते, त्यामुळे एखाद्या हंगामात दिसली नाही म्हणून जनुक गेलं असं समजू नये.

तपासणी सोपी आहे: सीएसएलव्ही३४ मार्कर. जनुक असेल तर १५० बेसचा पट्टा, नसेल तर २२९ चा. २ टक्के अ‍ॅगरोजवर उघड दिसतो, आणि संकरित झाडात दोन्ही पट्टे येतात. मार्कर जनुकाच्या शेजारचा आहे, जनुकातला नव्हे, म्हणून अंतिम निवडीत जनुकाच्या आतला मार्कर लावून खात्री करा. एलआर४६ आणि एलआर६७ ही जनुकंही अशीच शेंड्याची खूण देतात. तेव्हा सीएसएलव्ही३४ नकारात्मक आणि शेंडा तरीही पिवळा, असं आलं तर गोंधळू नका.

पानाच्या हिरवेपणाचे गुण देताना हा शेंडा धरू नका. धरलात तर तांबेऱ्याला टक्कर देणारी नेमकी हीच ओळ 'लवकर पिकते' म्हणून बाद होईल. असं सर्रास होतं.

खपलीबद्दल: होय, खपली म्हणजे लागवडीतला एमर. २००६ च्या त्याच कामात तपासलेल्या लागवडीतल्या एमर नमुन्यांपैकी बहुतेकांत एनएएम-बी१ चालू होतं आणि लागवडीतल्या बन्सी गव्हांत ते नव्हतं. पण आपली गावरान खपली नमुन्यागणिक तपासूनच बोलायचं. बन्सीशी तिचा संकर सोपा, दोन्ही चतुर्गुणित. शरबतीशी केला तर पहिली पिढी पंचगुणित येते, दाणे सुरकुतलेले आणि वांझपणा बराच, म्हणून शरबतीशी पुन्हा-पुन्हा संकर करत जावं लागतं. आणि चालू बी१ आणलंत की पीक चार-पाच दिवस आधी पक्व होतं, हेही आधीच धरून चाला. उशिराच्या पेरणीत ते पथ्यावर पडेल.

येवला_मका

विषय गव्हाचा आहे, पण स्टे-ग्रीनचा खरा घोटाळा आमच्याकडे मुरघासाच्या मक्यात होतो. स्टे-ग्रीन संकरित मक्याचं पान हिरवं असतं म्हणून 'अजून कोवळा आहे' असं म्हणत कापणी लांबवतात आणि दाणा दगड होतो. उलट बाजूही आहे: दाणा तयार असून ताट ओलंच असतं, तसंच भरलं तर खड्ड्याच्या तळाला आंबट पाणी सुटतं. पानाकडे बघूच नका. कणीस मधून मोडा, दाण्यावरची दुधरेषा (घट्ट झालेला भाग आणि दूध यांमधली रेघ) बघा. ती अर्ध्यावरून दोन-तृतीयांशावर उतरली की कोरडा भाग तपासा. कुट्टी १०० ग्रॅम, मायक्रोवेव्हमध्ये शेजारी पाण्याचा कप ठेवून आधी दोन-तीन मिनिटं, मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने, वजन उतरायचं थांबेपर्यंत. उरले तितके ग्रॅम म्हणजे तितके टक्के कोरडा भाग. ३० ते ३५ आला की कापा.

रब्बी ज्वारीत मात्र हिरवेपणा खरोखर पैसे देतो. बी३५ या इथिओपियन मूळ असलेल्या वाणातून एसटीजी१ ते एसटीजी४ असे हिरवेपणाशी जोडलेले गुणसूत्रांचे चार भाग ओळखले गेलेत, पहिले दोन ३ ऱ्या गुणसूत्रावर, तिसरा २ ऱ्यावर, चौथा ५ व्यावर. गंमत अशी की ते पानाला म्हातारं होऊ नको असं थेट सांगतच नाहीत. फुटवे कमी आणि पसारा आटोपशीर ठेवतात, त्यामुळे फुलोऱ्यापर्यंत जमिनीतली ओल कमी खर्च होते आणि दाणा भरताना शिल्लक राहते. पाणी शिल्लक म्हणून पान हिरवं. आणि पान हिरवं म्हणून खोडातली साखर ओरबाडली जात नाही, खोड पोकळ पडत नाही, खडखड्या (खोड आतून कुजवणारा रोग) कमी लागतो. सिन्नर-नांदगावकडे ओलीवरच्या ज्वारीत हेच हवं. पण अशी ओळ पाटाच्या पाण्यावर तपासाल तर फरक दिसणारच नाही.

हरितलवक

येवल्याच्या दादांनी पाण्याचा मुद्दा काढला ते बरं झालं, कारण गव्हाच्या चाचणीतही तिथेच घसरतात. दोन्ही ओळींना पाण्याच्या पाळ्या सारख्याच हव्यात, विशेषतः ६०-६५ आणि ८०-८५ दिवसांची. शेवटची पाळी एका प्लॉटला दोन दिवस उशिरा बसली तरी पिकण्याची तारीख हलते. २ टक्के युरियाची फवारणी (१० लिटरला २०० ग्रॅम) एकाच बाजूला झाली तर तुलना संपली. स्ट्रोबिल्युरिन गटातलं बुरशीनाशक रोग नसतानाही पान हिरवं ठेवतं, तेही दोन्हीकडे किंवा कुठेच नाही. मावा मोजा. आणि प्लॉट द्राक्षबागेला लागून असेल तर बागेकडच्या ओळी मोजणीतून वगळा. द्राक्षावर फवारतात ते ६-बीए हे सायटोकायनिन गटातलं संजीवक आहे, पान म्हातारं होऊ न देणं हेच त्याचं काम. वाऱ्याने किती येतं हा भाग वेगळा, पण शंका कशाला ठेवायची.

'ब'चं काय करायचं, तर फेकू नका. तीच ओळ नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातही पेरा. वेळेवरच्या पेरणीत दाणा भरायला थंड दिवस मिळतात. तिथे 'ब'चा दाणा 'अ'पेक्षा जड निघाला तर हिरवेपणा कामाचा आहे आणि उशिराच्या पेरणीत ऊन आडवं येतंय. तिथेही सारखाच निघाला तर दाण्याची क्षमताच तोकडी आहे. मग 'ब'चा संकर मोठ्या दाण्याच्या किंवा ओंबीत जास्त दाणे धरणाऱ्या वाणाशी करून बघण्यात अर्थ आहे, नुसतं आणखी हिरवं शोधण्यात नाही. उशिराच्या पेरणीसाठी निवड करताना मी स्पॅडचा शेवटचा आकडा बघणार नाही. फुलोऱ्यानंतर १५ ते २० दिवसांत दाणा रोज किती मिलिग्रॅम वाढतोय तो आकडा बघेन, आणि त्यानंतर पान झपाट्याने रिकामं होतंय ना तेवढं.

गहू_निफाड

यंदा दोन्ही पेरण्या लावतो, 'अ', 'ब' आणि तुलनेला एनआयएडब्ल्यू ३४ हा गव्हाचा वाण. भुसा आता फेकून न देता पिशवीत नाव घालून ठेवायला सांगितलंय. केल्डालला नमुना किती बारीक दळायचा?

मापाडी

१ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतका. आधी दाण्याचं दळून घ्या, मग भुशाचं, मधे यंत्र ब्रशने साफ. आणि ओंबीचं तूस भुशातच धरा, बाजूला टाकू नका. त्यातही नत्र असतं.